मांजर कोणाचे?

गोंडपिपरीच्या आसपासच्या खेड्यांत धान घरी आले म्हणजे त्यामागून उंदीर येतात, आणि उंदरांमागून मांजर येते. त्यास कोणी विकत घेत नाही, कोणी बोलावीत नाही. ते कणगीखाली उंदीर धरते, उरलासुरला भात खाते आणि चुलीच्या उबेस निजते. घरधन्यास विचारावे, "हे मांजर तुमचे काय?" तर उत्तर मिळते, "आमचे कुठले! ते आपले येते." परंतु तेच मांजर सांदीत व्याले, की चारही पिले पोत्यात घालून नाल्यापलीकडे सोडण्यास हाच घरधनी निघतो. जे आपले नव्हेच, त्यास हद्दपार करण्याचा अधिकार आपणांस कोठून मिळाला?

मांजर मारणे आमच्या लोकांत घोर पातक गणले जाते. मारणाऱ्याने सोन्याचे मांजर करून काशीस द्यावे, अशी जुनी समजूत आहे. म्हणून कोणी मारीत नाही, सोडून देतात. हातास रक्त लागत नाही. पण नुकतेच डोळे उघडलेले पिलू रानात उपासाने मेले, तर त्यास कोणी मारिले म्हणावे? काठी उगारणारा निदान आपण काय केले हे जाणतो. पोते रिकामे करून मागे न पाहता परतणारा तेवढेही जाणू इच्छीत नाही, आणि आम्हांस हा दुसराच अधिक भयंकर वाटतो.

सरकारी कायदा या बाबतीत आमच्यापेक्षा स्पष्ट बोलतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे ३ रे कलम केवळ मालकास बांधीत नाही. जनावर ज्याच्या देखरेखीखाली आहे, त्या प्रत्येकावर ते त्याच्या हिताचा भार घालते. सबळ कारणावाचून, भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडणे हा ११ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड अवघा १० ते ५० रुपये! दंडावरून अपराध मोजणारास हा सौदा स्वस्तच वाटेल. पुणे महानगरपालिकेने २०२२ साली पाळीव मांजरास परवाना घेण्याचे ठरविले. तो नियम गोंडपिपरीस लागू नाही. १९६० चा कायदा मात्र लागू आहे.

आमच्या तालुक्यास रान लागून आहे, त्यामुळे येथे आणखी एक विपरीत प्रकार घडतो. शेताच्या बांधाशी, गवतात रानमांजराची पिले आढळली, की "बिचारी पोरकी आहेत" म्हणून लोक ती घरी आणितात. त्यांची आई बहुधा जवळच दबून बसलेली असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानमांजर व वाघाटी यांस धरणे किंवा पाळणे मना आहे. घरच्या पिलास रानात लोटावयाचे आणि रानच्या पिलास घरात कोंडावयाचे, ही कोणती दया?

कोणी म्हणेल, "पोरांच्या तोंडी दूध नाही, तेथे मांजराच्या पिलांस कोठून आणावे?" हा आक्षेप आम्ही थट्टेवारी नेत नाही. परंतु त्यांस दूध त्यांची आईच पाजते. तिला मात्र ओला घास हवा. सुमारे दोन महिन्यांत पिले स्वतः खाऊ लागतात, आणि तेव्हा उंदरांनी गांजलेले शेजारी ती मागून नेतात. पुढची वीण नको असेल तर मांजरीवर शस्त्रक्रिया करिता येते. पुढच्या बाजारास जाल तेव्हा गुरांच्या डॉक्टरास विचारावे. तोवर सांदीत एक जुने गोणपाट अंथरून ठेवावे.