काटा हलण्याआधी

पंधरा दिवस फरसाण बंद, चहातली साखर बंद, रात्री एकच भाकरी. सोळाव्या दिवशी माणूस वजनकाट्यावर उभा राहतो आणि काटा जागचा हललेला नसतो. मग ‘जाडी आमच्या रक्तातच आहे’ असं म्हणत तो फरसाणाचा डबा पुन्हा पुढ्यात ओढतो.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. स्थूलपणात जनुकांचा वाटा असतो. पण जनुक अंगात असणं वेगळं आणि ते कामाला लागणं वेगळं. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो. कोणती जागी आणि कोणती निजलेली, एवढाच फरक. वाडा वारशाने मिळतो, पण आज कुठल्या खोलीत दिवा लागायचा हे बऱ्याच अंशी आत राहणाऱ्याच्या रोजच्या वागण्यावर ठरतं. त्या वागण्यात जेवण आलंच.

चरबी म्हणजे नुसतं कोठार, अशी समजूत फार दिवस होती. १९९३ साली बॉस्टनमध्ये गोखान होटामिश्लिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्थूल उंदरांच्या चरबीतच टीएनएफ-अल्फा हा दाह पेटवणारा रेणू वाढलेला आढळला. पुढे २००३ साली दिसलं की वजन वाढतं तसतशा चरबीत भक्षक पेशी गोळा होतात. जखमेवर धावून जायचं त्यांचं काम. इथे जखम नसताना त्या तळ ठोकतात. हा दाह गुडघ्याच्या सुजेसारखा ठणकत नाही की त्याने ताप येत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो वर्षानुवर्षं धुमसतो, आणि त्याच्या धगीत इन्शुलिनचा निरोप पेशींपर्यंत नीट पोहोचेनासा होतो. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते.

या निखाऱ्यावर ताटाचा काही परिणाम होतो का? नेदरलँड्समधल्या वॅगेनिंगेनच्या संशोधकांनी पोट सुटलेल्या मोजक्या माणसांना आठ आठवडे ठरवून दिलेला आहार दिला. काहींच्या जेवणात लोण्यासारखी संपृक्त चरबी जास्त, तर काहींच्या जेवणात ऑलिव्हच्या तेलात असते तशी असंपृक्त चरबी जास्त. आधी आणि नंतर त्यांच्या चरबीचा नमुना काढून कोणती जनुकं किती कामाला लागलीत हे तपासलं. संपृक्त चरबी खाणाऱ्यांमध्ये दाहाची जनुकं अधिक जागी झालेली होती. दुसऱ्या गटात कल दाह शमवण्याकडे होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विशेष हे की संपृक्त चरबीच्या गटातही पेशींची ठेवण बदललेली नव्हती आणि इन्शुलिनचं कामही होतं तसंच होतं. बाहेरून सगळं जिथल्या तिथे. आत मात्र दिवे बदलले होते.

काटा किती अपुरं बोलतो याचा पुरावा पुण्यातही आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे जाड माणसाकडे बघून हसणाऱ्या सडपातळ माणसानेही फार निर्धास्त राहू नये.

वजन उतरलं की हा दाह निवळतो, हे खरंच. त्यामुळे काटा फेकून द्यायचं कारण नाही. पण तो महिन्याचा हिशेब सांगतो. रोजकीर्द आतच लिहिली जाते. एका वाटी उसळीने किंवा मूठभर शेंगदाण्यांनी कुणी बारीक होत नाही, आणि एका वड्याने कुणाचा घात होत नाही. रोजची ओळ कुठे झुकते तेवढं बघावं. आणि रक्तातच आहे म्हणणाऱ्याला नावं ठेवण्यापेक्षा त्याच्या ताटात चांगलं वाढावं, कारण एकाच घरात दोन स्वयंपाक फार दिवस टिकत नाहीत.

सोळाव्या दिवशी काटा हलला नसेल, तर सतराव्या दिवशीही नेम मोडू नका.