मोजलेलें आणि मानलेलें

आमच्याकडील नैयायिकांनीं प्रत्यक्ष आणि अनुमान हीं ज्ञानाचीं दोन निरनिराळीं साधनें मानिलीं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि असला पाहिजे, हें त्यांचें नेहमींचें उदाहरण संस्कृत न शिकलेल्यांसहि ठाऊक असतें. परंतु त्याच शास्त्रकारांनीं दिलेला एक इशारा आपण सहसा विसरतों. धुरावरून अग्नीचें अनुमान करतां येतें. धूर नाहीं म्हणून अग्निहि नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. हा भेद वादसभेपुरताच आहे, अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. एका पावसाळ्यांत ती आमच्याच घरीं खोटी ठरली.

रोहें तालुक्यांत, मुंबईहून गोव्याकडे जातांना कोलाडच्या अलीकडे, खांब हें आमचें गांव. आमची पुतणी तेथें बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. पावसाची झड लागली, म्हणून दारें-खिडक्या लावून तिच्या खोलींत रात्रभर कोळशाची शेगडी ठेविली. बाळ सुदैवानें आमच्या वहिनींजवळ माजघरांत होतें. पहाटे मुलीचें डोकें ठणकूं लागलें, ओकाऱ्या झाल्या, बोलणें असंबद्ध होऊं लागलें. रुग्णालयांत धमनीचें रक्त तपासलें. त्याची अम्लता किंचित् वाढली होती. मात्र प्राणवायूची संपृक्तता 97 टक्के लिहिली होती. बोटाला लावलेलें यंत्रहि तेंच सांगत होतें.

"काका, प्राणवायु उत्तम आहे. थकवा असेल," तरुण डॉक्टर म्हणाले.

तोंच वहिनी कोपऱ्यांतून बोलल्या, "शेगडी होती हो रात्रभर. पण धूर मुळींच नव्हता, निखारे चांगले फुललेले होते."

शेजारीं उभे असलेले एक वयस्क डॉक्टर हें ऐकून थबकले. त्यांनीं रक्तांतील हिमोग्लोबिनचे प्रकार प्रत्यक्ष मोजणाऱ्या यंत्रावर तेंच रक्त पुन्हां पाठविलें. सुमारें पाव हिस्सा हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइड वायूनें अडवून ठेविलें होतें.

मग पहिला आंकडा खोटा होता काय? त्या कागदावर सगळे आंकडे एकाच ठशांत छापलेले असतात; पण त्यांची जात एक नसते. यंत्र प्रत्यक्ष मोजतें तीं रक्ताचा पीएच, कर्बाम्ल वायूचा दाब आणि प्राणवायूचा दाब. बायकार्बोनेटचा आंकडा पहिल्या दोहोंवरून गणितानें काढतात. 1908 सालीं हेंडरसन यांनीं मांडलेलें व पुढें हॅसलबाख यांनीं लॉगॅरिदमच्या रूपांत आणलेलें समीकरण त्यासाठीं वापरतात. त्यांत 6.1 हा एक स्थिरांक धरावा लागतो, आणि तोहि उष्णमानाबरोबर थोडा हलतो. संपृक्तताहि पुष्कळ यंत्रांत प्राणवायूच्या दाबावरूनच काढलेली असते, आणि हिमोग्लोबिन नेहमींसारखें आहे असें तेथें गृहीत असतें. विषारी वायु हिमोग्लोबिन अडवितो, पण रक्तांत विरघळलेल्या प्राणवायूचा दाब कमी करीत नाहीं. बोटाच्या साध्या यंत्रालाहि त्या दोहोंतील भेद कळत नाहीं. गणित बिनचूक होतें. गृहीत तेवढें खोटें होतें.

असा प्रसंग थोरांवरहि आला आहे. 1952 सालीं कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयांत पोलिओची भयंकर सांथ होती. रोग्यांच्या रक्तांत एकंदर कर्बाम्ल वायु वाढलेला आढळे. त्यावरून रक्तांत अल्क वाढलें असावें, असें अनुमान केलें जाई. ब्यर्न इब्सेन म्हणाले, श्वासाचे स्नायु थकल्यामुळें वायु आंत कोंडला आहे; रक्त अल्क नव्हे, अम्ल झालें आहे. त्यांनीं एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेंत नळी घालून हातानें श्वास दिला. पॉल ॲस्ट्रप यांच्या प्रयोगशाळेंत पीएच प्रत्यक्ष मोजतांच निवाडा झाला. पुढें सुमारें पंधराशें विद्यार्थी पाळीपाळीनें पिशव्या दाबीत बसले, आणि मृत्यूचें प्रमाण पुष्कळ उतरलें.

यावरून गणितच टाकून द्यावें, असें आम्ही म्हणत नाहीं. कर्बाम्ल वायूचा दाब पीएचवरून काढण्याची रीत ॲस्ट्रप यांनींच पुढें बसविली. सर्व कांहीं मोजण्यास आयुष्य पुरणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं काढलेला आंकडा मोजलेला म्हणून सांगणारा मनुष्य स्वतःस ठाऊक असल्याहून अधिक सांगतो. त्याचा हेतु शुद्ध असेल. ऐकणारा मात्र त्या शब्दावर निश्चिंत होतो. तेव्हां हा दोष बुद्धीचा आहे तितकाच सत्यनिष्ठेचाहि आहे. त्यांतून आम्हीहि सुटत नाहीं. तीस वर्षें आम्ही गुणांची सरासरी काढून तीच विद्यार्थ्याची बुद्धि म्हणून सांगत आलों. त्याच्या घरची शेगडी कधीं विचारली नाहीं.

मुलगी बरी झाली. साध्या हवेंत तो वायु निम्मा होण्यास चार-पांच तास लागतात; शुद्ध प्राणवायूनें तें काम सुमारें सव्वा तासांत होतें. वहिनींस यांतलें शास्त्र ठाऊक नव्हतें; धूर नव्हता म्हणून भय नव्हतें, असेंच त्यांनाहि वाटत होतें. परंतु जें घडलें तें त्यांनीं गाळलें नाहीं. आतां आमच्या घरीं बंद खोलींत शेगडी ठेवीत नाहींत, आणि कोणताहि अहवाल हातीं आला म्हणजे आम्ही प्रथम विचारतों, यांतलें मोजलेलें कोणतें आणि मानलेलें कोणतें?