रानपिंगळ्याची गैरहजेरी

एखादा पक्षी नामशेष झाला असं म्हणायचं, तर तो कुठेच नाही हे दाखवावं लागतं, आणि ते पूर्णपणे कोणालाच दाखवता येत नाही. हाती असते ती फक्त शोधाची नोंद: कुठे गेलो, कोणत्या ऋतूत, दिवसा की रात्री. नामशेषत्वाचे वाद खरं तर पक्ष्यावर नसतात, या नोंदींवर असतात. रानपिंगळ्याचंही तेच झालं.

पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले; शेवटचा १८८४ चा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून खरे नमुने सातच. पण दप्तरी आणखी एक नोंद होती: १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात; नमुना मिळवणारे कर्नल माइनर्ट्‌झहागेन. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणकारांनीही १९७० च्या दशकात शोध घेतला, आणि ते रिकाम्या हाती परतले. एवढ्या मोठ्या माणसांना सापडला नाही म्हटल्यावर पक्षी संपला असं मानायला कोणाची हरकत असणार?

हरकत निघाली ती संग्रहालयाच्या कपाटातून. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी १९१४ चा तो नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरण चित्रं काढली, आतला भरावा पाहिला. कातडी उसवून नव्याने भरलेली होती, पण डेव्हिडसनच्या हातच्या कामाच्या खुणा आत राहून गेल्या होत्या. नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला आणि चिठ्ठीवरचं ठिकाण, तारीख बनावट! मला या प्रकरणात चोरीपेक्षा त्या खोट्या चिठ्ठीचा जास्त संताप येतो. चोरलेला नमुना कधीतरी परत मिळतो. खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना चुकीच्या जंगलाची वाट दाखवली आणि त्यात वाया गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.

मांडवी वगळून, जुन्या खऱ्या नोंदींच्या आधाराने रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट शहाद्याजवळच्या जंगलात पोचले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी एका निष्पर्ण झाडावर, भर उन्हात, रानपिंगळा बसलेला दिसला. डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नाहीत, पोट पांढरं, पाय दणकट. हे घुबड दिवसा वावरतं. ११३ वर्षांनी त्याची पक्की नोंद झाली.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतला हस्तिदंती चोचीचा सुतार पक्षी. त्याची सर्वमान्य अशी शेवटची नोंद १९४४ ची, लुइझियानातली. २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाने अर्कान्सामधलं अंधूक चित्रीकरण पुरावा म्हणून छापलं. पुढच्याच वर्षी इतर तज्ज्ञांनी तो वेगळ्याच जातीचा सुतार असल्याचं मांडलं. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने २१ जाती नामशेष म्हणून संरक्षित यादीतून काढल्या, पण या सुताराचा निर्णय लांबणीवर टाकला. मला ते योग्य वाटतं. नामशेष म्हटलं की पैसा थांबतो आणि जंगलाचं संरक्षण सुटतं. पक्षी खरंच उरला असेल, तर तोही मग त्या शिक्क्याने जातो. आहे असं पुराव्याविना म्हणत राहणंही निरुपद्रवी नाही, कारण मोजका निधी भलत्या ठिकाणी खर्च होतो. पण या दोन चुकांत पहिली दुरुस्त होत नाही, म्हणून तिची भीती जास्त बाळगावी.

रानपिंगळा पुढे मेळघाटात, मध्य प्रदेशात आणि तानसा अभयारण्यातही सापडला. २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणलं गेलं, तरी प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. सातपुड्यात जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नोंदीत नेमकं ठिकाण, तारीख, वेळ लिहावी. आणि पक्षी दिसला नाही, तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावं.