देखरेखीला माणूस लागतो

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर बाल न्याय मंडळाने एका अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन दिला आणि राज्यभर संताप उसळला. दोन तरुण जीव गेले होते. संताप रास्तच होता. पण त्या आदेशात वाहतूक पोलिसांसोबत काम आणि समुपदेशन या अटीही होत्या, त्यांची चर्चा फारशी झाली नाही. ‘सौम्य की कठोर’ एवढाच वाद उरला. वरूडला शिक्षकी केलेल्या मला तो अपुरा वाटतो.

आमच्या शाळेतला पंधरा वर्षांचा एक मुलगा संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवरची केबल तांब्यासाठी कापताना सापडला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अशा मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. समज, समुपदेशन, समाजसेवा किंवा पालकाच्या अथवा योग्य व्यक्तीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत परिविक्षा (म्हणजे देखरेखीखाली मोकळीक), असे मार्ग मंडळापुढे असतात. संस्थेत धाडणे हा अखेरचा उपाय. तपासणी अहवालासाठी परिविक्षा अधिकारी आले. चोरीविषयी त्यांनी थोडेच विचारले. शाळा सुटल्यावर मुलगा कुठे असतो, अंधार पडल्यावर घरी कोण असते, हे मात्र खोदून विचारले. आई एवढेच म्हणाली, “सर, याले आता कोनी कामावर घेईन का?” अशी नोंद पुढे अपात्रता ठरत नाही, असे कायदा सांगतो. गाव तसे सांगत नाही.

मुलाला परिविक्षा मिळाली. परंतु मंडळ अमरावतीला. तारखेला मोर्शीमार्गे एसटीने जायचे म्हणजे आईची मजुरी बुडणार. अधिकाऱ्यालाही रोज वरूडला येणे अशक्यच. रोजची देखरेख अखेर मोटार वाइंडिंगच्या एका दुकानदाराने पत्करली. संध्याकाळी मुलाला तो शेजारी बसवून काम शिकवी आणि जळक्या वाइंडिंगमधून निघालेले तांबे वजन करून वहीत मांडायला लावी. इतका विश्वास त्याच्यावर आधी कोणी टाकला नसावा. कायद्यातली ‘योग्य व्यक्ती’ अशी तालुक्यातच शोधावी लागते. तिच्यावाचून परिविक्षेचा आदेश म्हणजे निव्वळ कागद.

या व्यवस्थेतली एक उणीव मात्र मला अजून खटकते. केबल गेल्याने ऐन आंबिया बहरात ज्याचे ओलित थांबले, त्या शेतकऱ्याला या सगळ्यात कोणी काही विचारले नाही. मुलाने त्याच्या बांधावर जाऊन उभे राहणे, झालेले नुकसान त्याच्याच तोंडून ऐकणे आणि जमेल तेवढे भरून देणे, हा सुधारणेचाच भाग नव्हे काय? कठोरतेची मागणी करणाऱ्यांपैकी कित्येकांना बहुधा एवढेच हवे असते.