न पुसलेला दोष सांगावा काय?

एका उपदेशी गृहस्थांनी परवा आमच्यापुढे एक शंका ठेविली. त्यांच्या मोटारीला अपघात झाला होता. पुढील सांगाडा वाकला. तो ओढून सरळ केला, पत्र्यावर लांबी भरून रंग दिला. आता गाडी विकावयाची आहे. "बाबा, गिऱ्हाईक येते, गाडी चालवून पाहते, अपघात झाला होता काय, असे पुसत नाही. मी खोटे एक अक्षरही बोलत नाही. मग मला दोष कसा लागावा?"

शंका व्यवहारातली दिसते, पण मूळ प्रश्न असा : असत्य केवळ वाणीनेच घडते, की मौनानेही?

प्रथम पूर्वपक्ष पाहू. वस्तू पारखून घेणे हे घेणाऱ्याचे काम, असा व्यवहाराचा दंडक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलमही केवळ मौनाला सामान्यतः कपट मानीत नाही. तेथे दृष्टान्त घोड्याचा आहे. लिलावात सदोष घोडा विकणारा काहीच बोलला नाही, तर ते कपट नव्हे.

यावर उत्तर असे. त्याच कलमाखाली पुढे आणखी दृष्टान्त आहेत. घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष समजेन', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच होय. आणि घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली कन्या असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

घोडा तोच, दोषही तोच. पालटले ते केवळ नाते. कायदा सर्वांसाठी किमान मर्यादा आखतो. परक्याला किती आपला मानावे, हे तो ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडतो.

शिवाय 'मी काही बोललो नाही' हे म्हणणेही तपासून पाहावे. रंग गंज चढू नये म्हणून दिला असेल तर ती निगा होय. खूण दिसू नये म्हणून दिला असेल तर तो रंगच मालकाच्या वतीने बोलतो. सांगाडा किंचित तिरपा राहिला तर गाडी एका अंगास ओढते, टायर एका बाजूने झिजतात, आणि पुन्हा टक्कर झाल्यास तो पूर्वीसारखा आघात सोसेलच असे नाही. नोंदणीपुस्तकात मालकाचे नाव असते, अपघाताची हकीकत नसते. जे एकट्या विकणाऱ्यास ठाऊक, त्यावर घेणाऱ्याच्या मुलाबाळांचा जीव अवलंबून असतो.

पुन्हा शंका : दोष सांगितल्यास किंमत उतरते, प्रपंच कसा चालवावा? समाधान : दोष झाकून जे अधिक मिळते, ते घेणाऱ्याच्या अज्ञानाचे मोल होय. दुरुस्तीची पावती पुढे ठेवून रास्त दर मागण्यास कोणाची आडकाठी आहे? प्रत्येक ओरखडा उच्चारावा असेही नाही. जे कळले असता घेणारा थांबेल किंवा दर बदलील, तेवढे न पुसताही सांगावे.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच विचारले, "हीच गाडी आपली कन्या घ्यावयास आली असती, तर तिला काय सांगितले असते?"

ते काही वेळ उगेच राहिले. मग म्हणाले, "सगळेच सांगितले असते, बाबा."

तेच परक्यालाही सांगावे.