अनेक मालकांचा कामगार

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथील इमारतींत रोज चार-पाच घरांची धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला भरपगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी किंवा उपदान, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मिळणारी एकरकमी रक्कम, का मिळत नाही, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर दिले जाते : तिचा मालक कोण, हे निश्चित सांगता येत नाही. हे उत्तर महाराष्ट्राला शोभत नाही, कारण नेमका हाच पेच या राज्याने 1969 मध्ये सोडवला होता.

मुंबईच्या गोद्यांत आणि घाऊक बाजारांत ओझी वाहणारा माथाडी कामगार एकाच दिवसात अनेक व्यापाऱ्यांच्या मालाची चढउतार करी, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर बेतलेल्या कायद्यांत त्याला जागा नव्हती. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून साकारलेल्या माथाडी अधिनियमाने कामगार, मालक व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापण्याची तरतूद केली, आणि जो कोणी काम करवून घेईल त्याने मजुरी मंडळाकडे भरावी व तिच्यावर ठरावीक टक्क्यांनी लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, द्यावी, असे बंधन घातले. निधी, उपदान, बोनस, रजा, औषधोपचार हे सारे त्या लेव्हीतून उभे राहिले. हक्क नोकरीपासून सुटून प्रत्यक्ष कामाला जोडला गेला, आणि भारतीय कामगार कायद्यातली ही फार मोठी झेप मानली पाहिजे.

1981 मध्ये हीच रचना खासगी सुरक्षारक्षकांना लागू झाली, जरी अटी पाळणाऱ्या एजन्सींना सूट देण्याची वाट त्यात ठेवली गेली. 2008 च्या अधिनियमाने घरकामगारांसाठीही कल्याण मंडळ आले, परंतु घरमालकांवर सक्तीची लेव्ही मात्र बसली नाही. नाव मंडळाचेच राहिले, आणि ज्या वर्गणीमुळे मंडळाला बळ येते तीच गळाली. त्यामुळे माथाडीला जे हक्काने मिळाले, त्यासाठी घरकामगार स्त्रीला शासनाच्या अनुदानाकडे आणि योजनांकडे डोळे लावून बसावे लागते.

घर ही खासगी जागा असल्याने तेथे तपासणी अवघड आहे, हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. उपनगरांतील कित्येक गृहनिर्माण संस्था कामाला येणाऱ्या स्त्रियांची नोंद फाटकावरच ठेवतात आणि दरमहा प्रत्येक सदनिकेकडून देखभाल खर्च वसूल करतात. त्याच पावतीत लेव्हीची एक ओळ वाढवता येण्याजोगी आहे. ती वाढलेली नाही, याचे कारण यंत्रणेच्या अभावापेक्षा मध्यमवर्गाच्या अनिच्छेत अधिक आहे.

दरम्यान 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अ‍ॅपवरून काम देणाऱ्या कंपन्यांवर वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के वर्गणीची तरतूद केली, म्हणजे एकाच मजल्यावर जेवणाचे पार्सल पोहोचवणाऱ्या तरुणाच्या श्रमाशी वर्गणी जोडली गेली आणि ते जेवण झाल्यावर भांडी घासणाऱ्या स्त्रीच्या श्रमाशी अजून जोडली गेलेली नाही.