आधी देणे, मग दान

दान हा शब्द आपल्या समाजाने फार काळ उलट्या बाजूने अनुभवला. वरच्याने टाकावे आणि खालच्याने पदर पसरून घ्यावे, यालाच दान म्हणत. देणाऱ्याच्या पदरी पुण्य पडे, घेणाऱ्याच्या वाट्याला लाचारी येई. धम्माच्या दहा पारमितांमध्येही दान आहे. मग हे दान आणि ते दान एकच काय? माणसाला ताठ उभे करणारे दान कोणते आणि वाकविणारे कोणते? एका कॉफीच्या पेल्याच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार करू.

इटली देशात नेपल्स नावाचे बंदर आहे. तेथील कॉफीच्या दुकानांत एक जुनी रीत आहे. गिऱ्हाईक एक पेला कॉफी पिते आणि पैसे दोन पेल्यांचे देते. दुसरा पेला पुढे येणाऱ्या गरजूसाठी राखून ठेवला जातो. त्यांच्या भाषेत या कॉफीच्या नावाचा अर्थ 'टांगून ठेवलेली' असा होतो. एखादा गरीब माणूस येतो, 'कोणी ठेवली आहे काय?' एवढेच विचारतो आणि इतरांसारखाच उभा राहून कॉफी पितो. देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहिलेले नसते. घेणाऱ्यावर हात जोडण्याची पाळी येत नाही. ही रीत पुढे इतर देशांतही गेली.

या रीतीचे मोल आपल्याइतके कोणाला कळेल? गावच्या हॉटेलात आपल्या वाडवडिलांसाठी वेगळा कप असे. तो बाहेर कोनाड्यात ठेवलेला, कान तुटलेला असे. चहा वरून ओतला जाई आणि कप आपणच विसळून ठेवायचा असे. पैसे मात्र पुरते घेतले जात. संविधानाच्या १५ व्या व १७ व्या कलमांनी हा व्यवहार बेकायदेशीर ठरविला. ज्या पेल्यात घेणाऱ्याचा मान शाबूत राहतो, तेच खरे दान, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

परंतु विचार येथे थांबविता येत नाही. दुकानातल्या दोघांमध्ये मैत्री झाली, हे चांगले झाले. पण त्या पेल्यात तिसरा माणूसही आहे. ज्याने डोंगरउतारावर झाड लावले आणि जिने एकेक लाल फळ वेचले, त्यांना काय मिळाले?

कॉफीचा भाव दूरच्या शहरांतील बाजार ठरवितो. विक्रीचे कोटे ठरवून देणारा आंतरराष्ट्रीय करार १९८९ साली मोडला आणि भाव कोसळले. २००१ साली उत्तम जातीच्या कॉफीचा भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. पिकविणाऱ्याचा खर्चदेखील त्यातून निघत नव्हता. मेक्सिकोतील वाहाका प्रांताच्या डोंगरांत राहणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यांनी याआधीच, १९८० नंतरच्या वर्षांत, आपला सहकारी संघ उभारला होता. त्यांना नाडणाऱ्या दलालांना तिकडे 'कोयोते' म्हणतात. कोयोते म्हणजे कोल्ह्याच्या जातीचे एक जनावर. १९८८ साली नेदरलँड्समध्ये या संघाची कॉफी विशेष शिक्क्यासह विकली जाऊ लागली. 'न्याय्य व्यापार' किंवा 'फेअर ट्रेड' म्हणून आज जी व्यवस्था ओळखली जाते, तिच्या शिक्क्याची सुरुवात ही अशी झाली.

तिचा नियम साधा आहे. बाजार कितीही पडला तरी संघाला ठरलेल्या किमान भावापेक्षा कमी द्यायचे नाही. धुतलेल्या अरेबिका कॉफीसाठी हा भाव २०११ पासून पौंडाला १.४० डॉलर होता; २०२३ साली तो १.८० डॉलर झाला. बाजारभाव याहून वर गेला, तर बाजारभावच द्यावा लागतो. शिवाय पौंडामागे २० सेंट संघाच्या सामाईक कामांसाठी मिळतात. ते कसे खर्च करायचे, हे सभासद सभेत ठरवितात. एका पौंडात साधारण ४० पेले होतात. म्हणजे किमान भावाने पेल्यामागे साडेचार सेंट पडतात, आणि अमेरिकेतील गिऱ्हाईक त्याच पेल्याला दोन-तीन डॉलर मोजते!

आता सांगा, हे साडेचार सेंट म्हणजे दान काय? मुळीच नव्हे. ते देणे आहे. श्रमाचे मोल ही कोणाची कृपा नसते. अनोळखी माणसासाठी कॉफी ठेवणारा दाता खरा. पण ती कॉफी कोणाला तरी नाडून आलेली असेल, तर दात्याने दुसऱ्याच्या खिशातूनच दान केले असे होते. म्हणून ठेवायचाच असेल, तर न्याय्य भावाच्या कॉफीचा पेला ठेवावा. घेणारा विचारील, 'हा शिक्का कसला?' अशा एका प्रश्नाने जेवढा प्रसार होतो, तेवढा दहा जाहिरातींनी होत नाही.

तथापि शिक्का दिसला की डोळे मिटावे, असेही नाही. लंडन विद्यापीठातील संशोधकांनी इथिओपिया व युगांडा येथे पाहणी करून २०१४ साली अहवाल दिला. शिक्क्याच्या मालाच्या भागांतही रोजंदारीवरील मजुरांना इतर ठिकाणांपेक्षा चांगली मजुरी मिळत नाही, असे त्यांना आढळले. याचे आपल्याला नवल वाटू नये. जमिनीच्या मालकाला भाव मिळाला म्हणून भूमिहीनाला मजुरी मिळतेच असे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. कर्नाटकातील कोडगूच्या कॉफीमळ्यांत येरव आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर जमीन नाही. न्याय शेतकऱ्याच्या दारापर्यंत येऊन थांबला, तर तो अर्धाच न्याय होय.

भगवान बुद्धांनी सिगाल गृहपतीला केलेल्या उपदेशात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. नोकराला झेपेल तेवढेच काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. यात उपकाराची भाषा कोठेही नाही. हे सारे मालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

उपासक-उपासिकांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कॉफी क्वचितच होत असेल. पण हा न्याय प्रत्येक पेल्याला आणि प्रत्येक भाकरीला लागू आहे. विहारात दानाची पावती फाडण्यापूर्वी मंडप बांधणाऱ्याचे, भांडी घासणाऱ्या बाईचे, घराला गिलावा करणाऱ्या गवंड्याचे पैसे चुकते झाले काय, हे आधी पाहा. देणे फेडल्यावर जे हातात उरते, तेच आपले असते. आणि जे आपले असते, त्याचेच दान करता येते.